जुन्या बास गिटारचे पडदे



आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, तिची उंची एखाद्या नाण्याच्या जाडीपेक्षाही कमी असते. लाकडाच्या वर जेमतेम एक ते सव्वा मिलिमीटर! बास गिटारच्या दांडीवर ओळीनं आडव्या बसवलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या तुम्ही पाहिल्या असतील. गिटार वाजवणारे त्यांना फ्रेट म्हणतात. आपल्या सतारीला असतात ते पडदे. तेव्हा मीही आज त्यांना पडदेच म्हणणार आहे. विषय तसा छोटा आहे. जुन्या बासचे पडदे स्वच्छ कसे करावेत आणि त्यांना चकाकी कशी आणावी, एवढाच. पण वाद्यदुरुस्तीच्या कामात मी जे पाहत आलो त्यावरून सांगतो, पुष्कळ जुनी वाद्यं वाजवून खराब झालेली नसतात. चकचकीत करण्याच्या हौसेनं खराब झालेली असतात.

पावसाळा संपला, हवा जरा कोरडी झाली, की मुंबईत, वसईत, गोव्यात, एकूण सगळ्या किनारपट्टीवर घरोघरी कपाटावरच्या वस्तू खाली येतात. त्यात कधी कधी एखादी लांबलचक पेटी असते. वडिलांची, काकांची, कधी आजोबांची बास गिटार. उघडून पाहावं तर तारा गंजलेल्या, पडदे काळे-हिरवे पडलेले. मग घरात दोन मतं होतात. एक म्हणतं, भंगारात द्या. दुसरं म्हणतं, जरा घासूनपुसून नवी करू. पहिल्या मतात वाद्य जातं, हे उघडच आहे. दुसऱ्या मतातही ते जाऊ शकतं, आणि आज मला बोलायचं आहे ते त्याविषयी.

आधी हे पडदे बासवर आले कसे, ते पाहू. पूर्वी वाद्यवृंदात खर्जाचं काम डबल बासकडे असे. माणसापेक्षा उंच असं ते लाकडी धूड उभं राहून वाजवावं लागे, त्याला पडदे नसत. सूर नेमका कुठे आहे हे हातानं आणि कानानं शोधायचं. अमेरिकेत सिॲटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात पडदे असलेला विजेवरचा बास बनवला होता, पण तो फारसा पसरला नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये जो बास बाजारात आणला, त्यानं मात्र चित्र पालटलं. त्याचं नाव होतं प्रिसिजन बास. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. हा अचूकपणा कशातून आला? तर दांडीवरच्या वीस पडद्यांतून. बोट पडद्याच्या मागे कुठेही टेकवा, तार पडद्यावरच टेकणार आणि सूर ठरलेलाच निघणार. म्हणजे या वाद्याला नाव मिळालं तेच मुळी पडद्यांमुळे.

आपल्याकडे हे वाद्य हॉटेलांतल्या आणि लग्नसमारंभांतल्या बँडबरोबर आलं, तिथून हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गेलं. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या गोव्याच्या वादकांचा त्यात मोठा वाटा होता. राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदातल्या टोनी वाझ यांचा बास तुम्ही-आम्ही सगळ्यांनी ऐकला आहे. वाजवणाऱ्याचं नाव ठाऊक नसेल, एवढंच. बासचं तसंच असतं. तो आहे तोवर कुणाचं लक्ष जात नाही, आणि तो थांबला की गाणं पोकळ वाटू लागतं.

आता सतारीच्या आणि बासच्या पडद्यांत एक मोठा फरक आहे, तो लक्षात घेतला पाहिजे. सतारीचे पडदे वक्र असतात आणि ते दांडीला दोऱ्यानं बांधलेले असतात. रागाप्रमाणे एखादा पडदा वर-खाली सरकवता येतो. साफ करायचा तर सोडवून वेगळा घासता येतो. बासचा पडदा तसा नाही. त्याचा आकार छत्रीसारखा असतो. वरचा गोल भाग आपल्याला दिसतो आणि खालचा पातळ दांडा लाकडात कापलेल्या खाचेत ठोकून बसवलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना लगेच लाकूड सुरू होतं. म्हणून पडद्याला जे लावाल, ते लाकडालाही लागणारच.

ते लाकूडही आपल्या ओळखीचं आहे. बहुतेक बासच्या दांडीवरची पट्टी, म्हणजे फिंगरबोर्ड, शिसवी असते. अमेरिकन कारखान्यांनी आधी ब्राझीलचं शिसवी लाकूड वापरलं, पण १९६० च्या दशकाच्या मध्यापासून भारतीय शिसवीचा वापर वाढला. ज्या जातीच्या लाकडाचे पलंग आणि झोपाळे आपल्या जुन्या घरांत आहेत, तेच हे लाकूड. काही बासना मात्र फिकट रंगाच्या मॅपलची दांडी असते आणि तिच्यावर लाखेसारख्या पॉलिशचा थर असतो. काम सुरू करण्याआधी आपल्या वाद्याचं लाकूड यांपैकी कोणतं, हे पाहून घ्यावं. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पडद्यांचा धातू कोणता? जुन्या वाद्यांत बहुतेक वेळा जर्मन सिल्व्हर. आपल्याकडे ‘जर्मनचं पातेलं’ म्हणतात ते ॲल्युमिनियमचं, त्याच्याशी याचं नातं नाही. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. त्यात चांदीचा अंशही नसतो, फक्त रंग चांदीचा. चीनमध्ये असा मिश्रधातू पूर्वीपासून होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन कारागिरांनी तो आपल्याकडे तयार केला, म्हणून हे नाव पडलं. पडद्यांसाठी जी तार वापरतात तिच्यात साधारण १८ टक्के निकेल, साठ टक्क्यांहून अधिक तांबं आणि उरलेलं जस्त असतं.

एकदा तांबं म्हटलं, की पुढची गोष्ट कुठल्याही स्वयंपाकघरात कळेल. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं, की ते कळकतं. भांड्याला हिरवा कळंक चढतो. पडद्यांचंही तेच होतं. वाजवणाऱ्याच्या घामात मीठ असतं, किनाऱ्याच्या हवेत दमटपणा आणि खारटपणा असतो. तारांखालचा मळ ओलावा धरून ठेवतो आणि पडद्याच्या कडेला, लाकडाला टेकतो तिथे, हिरवी रेघ उमटते. बंद पेटीत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बासवर ती हमखास दिसते. ती पाहून घाबरण्याचं कारण नाही. बहुतेक वेळा हा कळंक वरवरचा असतो, त्याखाली पडदा शाबूत असतो.

कळंकाखेरीज पडद्यावर दुसरंही काही दिसतं. नीट निरखलं तर तारांच्या खाली बारीक खळगे पडलेले असतात. बासच्या तारा जाड असतात, आणि गेल्या शतकात १९६० च्या दशकापासून ज्या तारा लोकप्रिय झाल्या, त्यांच्यावर गोल तारेचं वेटोळं असतं. तिचा पृष्ठभाग बारीक कानशीसारखा खरखरीत असतो. स्टीलची ही तार मऊ पडद्यावर वर्षानुवर्षं घासली, की खळगा पडणारच. त्याआधीच्या तारांवर चपट्या फितीचं वेटोळं असे. त्या गुळगुळीत असतात आणि पडदे कमी झिजवतात. मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत ज्यांचा बास आहे, ते जेम्स जेमर्सन अशाच चपट्या तारा वापरत आणि त्या क्वचितच बदलत. तेव्हा जुन्या बासवर दोन गोष्टी एकत्र असतात: मळ आणि झीज. मळ निघतो. झीज निघत नाही. ती नाहीशी करायची तर तिच्या आजूबाजूचा चांगला धातू खरवडून खळग्याच्या पातळीला आणावा लागतो.

माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. पडद्यावर धातू मोजका असतो आणि गेलेला परत भरता येत नाही. सगळे पडदे एका पातळीत आणणं आणि मग त्यांचा माथा पुन्हा गोल करणं हे कारागिराचं काम आहे. त्यासाठी लांब, सपाट ठोकळा लागतो, खास आकाराची कानस लागते आणि सराव लागतो. असं काम एका वाद्याच्या आयुष्यात दोन-तीन वेळाच परवडतं. पुढे पडदे इतके बुटके होतात, की ते उपटून नवे बसवावे लागतात. आपल्या मिरजेत सतार-तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांना हे वेगळं सांगायला नको. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या मिरजेत जवारी काढणारा माणूस घोडीवर कानस फिरवतो तेव्हा दर दोन-चार हातांनी थांबतो, तार छेडून ऐकतो आणि मगच पुढचा हात मारतो. हात फिरवण्याइतकंच थांबणंही त्या कामाचा भाग असतं.

पडद्याचा माथा गोल का हवा, हेही सांगतो. तार पडद्याला एका बारीक रेषेवर टेकली पाहिजे, म्हणजे तिची कंप पावणारी लांबी नेमकी राहते. नेहमीच्या बासवर तारेची लांबी ३४ इंच असते. तिच्या बरोब्बर मध्यावर, १७ इंचांवर, बारावा पडदा येतो आणि तिथे सूर एक सप्तक चढतो. बाकीच्या पडद्यांच्या जागाही अशाच गणितानं ठरलेल्या असतात. माथा घासून सपाट केला, तर तार मधल्या रेषेऐवजी पुढच्या कडेवरून सुटते. लांबी कणभर कमी होते आणि सूर किंचित चढतो. शिवाय तार पडद्यावर थरथरून झर्र असा आवाज येऊ लागतो. घरी जोर लावून घासणाऱ्याच्या हातून नेमकं हेच होतं. पडदे आरशासारखे चमकतात आणि वाद्य बेसूर होतं.

तर आता प्रत्यक्ष काम. सर्वप्रथम काहीही न घासता वाद्य पाहावं आणि ऐकावं. दांडी एका टोकाकडून डोळ्यानं रोखून बघा, ती पिळलेली नाही ना. पडद्यांच्या टोकांवरून बोट फिरवा. लाकूड सुकून आकसलं असेल तर टोकं बाहेर येऊन बोटाला टोचतात. एखादा पडदा खाचेतून उचलला गेला असेल, तर तो दाबला की हलतो. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवा. जिथे झरझर ऐकू येते तिथे पेन्सिलीनं एका कागदावर टिपण करा. पडदा हलत असेल, दांडी पिळलेली असेल, किंवा खळगे इतके खोल असतील की त्यात नख अडकतं आणि तिथला सूर स्वच्छ निघत नाही, तर तिथेच थांबा आणि वाद्य कारागिराकडे न्या. फक्त मळ आणि कळंक असेल, तर पुढचं काम घरी करता येतं. वेळ लागतो दोन-अडीच तास.

तारा सोडवताना एकेक तार एकदम ढिली करू नये. बासच्या चार तारांचा मिळून दांडीवर सत्तर-ऐंशी किलोंचा ताण असतो. चारही तारा थोड्या थोड्या, पाळीपाळीनं सैल कराव्यात आणि मग काढाव्यात. एक-दोन दिवस तारांशिवाय राहिल्यानं दांडीचं काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने तसं ठेवू नये, एवढंच.

त्यानंतर कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढावी. जुना दात घासायचा ब्रश यासाठी उत्तम. पडद्याच्या कडेचा चिकट थर काडीनं, म्हणजे बांबूच्या किंवा लाकडाच्या टोकदार काडीनं हलकेच सोडवावा. सुरी, स्क्रू-ड्रायव्हर, दाढीचं पातं यांचा मोह नको. लाकडावर चरा पडला की तो कायमचा. मग पाण्यानं किंचित ओलसर केलेलं आणि घट्ट पिळलेलं सुती फडकं फिरवून लगेच कोरडं पुसावं. कित्येकदा एवढ्यानंच अर्धं काम होतं.

आता लाकूड झाकायचं. रंगकाम करणारे वापरतात ती कागदी मास्किंग टेप घ्या. तिचा चिकटपणा कमी करण्यासाठी ती आधी आपल्या कपड्यावर एकदा लावून काढा आणि मग पडद्याच्या दोन्ही बाजूंना लाकडावर लावा, म्हणजे फक्त धातू उघडा राहील. मॅपलच्या जुन्या दांडीवर विशेष जपून, कारण टेप काढताना पॉलिशचा पापुद्रा तिच्याबरोबर येऊ शकतो. तिथे टेप फार वेळ ठेवू नये आणि काढताना ती स्वतःवर दुमडून, सावकाश ओढावी.

पुढची वस्तू म्हणजे स्टील वूल. भांडी घासायची तारेची घासणी इथे कामाची नाही. चार शून्यांचं, म्हणजे सर्वांत बारीक प्रतीचं स्टील वूल हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतं. ते वापरण्याआधी एक काळजी घ्यावीच लागते. बासच्या पिकअपमध्ये लोहचुंबक असतात. स्टील वूलचे बारीक तुकडे उडून त्यांना चिकटले, की काढता काढता नाकीनऊ येतात. म्हणून पिकअप आधी कागदानं आणि टेपनं पूर्ण झाकावेत. हा व्याप नको असेल, तर मोटारींच्या रंगकामाच्या दुकानातला दोन हजार नंबरचा वॉटर पेपर घ्यावा आणि तो बोटाभोवती गुंडाळावा. सपाट ठोकळ्याला मात्र लावू नये, कारण बोटाचा मऊपणा माथ्याची गोलाई सांभाळतो.

प्रत्येक पडद्यावर पाच-सहा हलके हात पुरतात. शेवटचे हात पडद्याच्या लांबीच्या दिशेनं मारावेत. यामागे कारण आहे. वाजवताना तार कधी बाजूला ओढली जाते, तेव्हा ती पडद्याच्या लांबीवरून सरकते. ओरखडे आडवे राहिले, तर ती त्यांच्यावरून खरखरत जाते. ते तिच्याच दिशेनं असले तर बोटाला जाणवत नाहीत. त्यानंतर सुती फडक्यावर धातूच्या पॉलिशचा अगदी थेंबभर घेऊन एकदा फिरवावा आणि कोरड्या फडक्यानं पुसून टाकावा. टेप लावलेली असली तरी पॉलिश जपूनच वापरावं. शिसवीच्या रंध्रांत ते शिरलं, तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात आणि ते काढणं फार जिकिरीचं होतं.

आता मघापासून मी ज्याकडे येतो आहे ती गोष्ट. पॉलिश लावून फडकं फिरवलं, की फडकं काळं होतं. आपण म्हणतो, अजून मळ आहे. पुन्हा घासतो, फडकं पुन्हा काळं. दहाव्यांदा घासलं तरी काळं! याचं कारण असं, की पहिल्या एक-दोन वेळचा काळेपणा मळाचा असतो, पुढचा काळेपणा हा पडद्याचाच धातू असतो. पॉलिशमधली बारीक पूड तो खरवडत असते. देवाची पितळी भांडी घासताना चिमूटभर पितळ गेलं, तर काही बिघडत नाही. पण जिथे एकूण भांडवलच मिलिमीटरभर आहे, तिथे ही उधळपट्टी चालत नाही. म्हणून फडकं पांढरं राहण्याची वाट पाहू नका. बोट फिरवल्यावर पडदा गुळगुळीत लागला आणि हिरवेपणा गेला, की काम झालं.

घरगुती उपायांबद्दलही विचारणा होते. चिंच, लिंबू, ताक, राख, रांगोळी, भांडी उजळायची पावडर, यांनी पितळ लखलखतं हे खरं. पण यांतलं काही आंबट आहे आणि काही खरखरीत. आंबट रस पडद्याखालच्या खाचेत शिरून राहतो आणि आतून धातू खात बसतो. पूड ओरखडे पाडते. भांडं आपण खळखळून धुतो, बास धुता येत नाही. लाकडाला खोबरेल तेल चोळणारेही भेटतात. ते वाळत नाही, कालांतरानं खवट होतं आणि धूळ धरतं. शिसवी पट्टी फारच रुक्ष दिसत असेल, तर वाद्यांच्या दुकानात फिंगरबोर्डसाठी मिळणाऱ्या तेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन फिरवावेत आणि दहा मिनिटांनी पूर्ण पुसून काढावेत. वर्षातून एकदा हे पुरे. पॉलिश असलेल्या मॅपलला तेलाची गरजच नसते.

काही वर्षांपूर्वी एक तरुण त्याच्या काकांचा बास घेऊन आला होता. काका बँडमध्ये वाजवायचे, ते गेल्यावर बास दहा-बारा वर्षं पेटीत होता. तरुणाला तो विकायचा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: ‘‘सगळे पडदे घासून एकसारखे करा, खड्डे दिसता कामा नयेत. नवा दिसला तर चार पैसे जास्त येतील.’’ मी त्याला भिंगातून पडदे दाखवले. पहिल्या पाच पडद्यांवर दोन जाड तारांखाली खळगे होते. बाराव्याच्या पुढचे पडदे जवळजवळ कोरे होते. साथीला वाजवणाऱ्याचा बास असाच झिजतो, कारण त्याचं काम खालच्या सुरांत असतं. वर जाऊन करामती करायला त्याला कुणी सांगत नाही.

मग आम्ही प्रत्येक सूर वाजवून पाहिला. झरझर फक्त दोन ठिकाणी होती. ते खळगे घालवायचे, तर वीसच्या वीस पडदे खाली आणावे लागले असते, आणि मुळात ते आधी एकदा घासलेले होते. पुढच्या माणसाला थेट नवे पडदेच बसवावे लागले असते. त्याऐवजी मी दांडीतल्या सळईचा स्क्रू किंचित फिरवून दांडीचा बाक जरासा वाढवला, घोडीवर तार कणभर उचलली. दोन्ही ठिकाणची झरझर गेली. धातू तसूभरही खर्च झाला नाही. मग कळंक काढला, पडद्यांना हलकी चकाकी दिली, खळगे तसेच राहू दिले. तो मुलगा बराच वेळ तिसऱ्या पडद्यावरच्या खळग्यात बोट ठेवून बसला होता. ‘‘काकांचं बोट इथेच असायचं का?’’ त्यानं विचारलं. मी म्हटलं, ‘‘बहुतेक गाण्यांत इथेच.’’ पुढे त्यानं बास विकला की ठेवला, मला ठाऊक नाही. ज्याच्याकडे असेल, त्याला तो वाजवता येईल एवढं मात्र नक्की.

काम झाल्यावर नव्या तारा चढवाव्यात. जुन्या तारा गंजलेल्या असतील तर त्या पुन्हा लावू नयेत. त्या पॉलिश केलेले पडदे पुन्हा ओरबाडतात. सगळ्यांत जाड तारेचा सूर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा, त्यावरची ५५, मग ७३ आणि ९८. तारा सुरात लावून वाद्य एक दिवस तसंच ठेवावं. दांडीवर ताण पुन्हा बसला, की दुसऱ्या दिवशी आपलं टिपण घेऊन प्रत्येक पडदा पुन्हा ऐकावा. आधी जिथे झरझर नव्हती तिथे आता ती आली असेल, तर घासण्याच्या मागे न लागता दांडीचा बाक तपासून घ्यावा.

आणि पुन्हा अशी वेळ फार लवकर येऊ नये म्हणून काय करावं? वाजवून झालं, की कोरड्या फडक्यानं तारा वरून आणि खालून पुसाव्यात. याला अर्धं मिनिट लागतं. पावसाळ्यात बास महिनोन्‌महिने पेटीत कोंडून ठेवू नये. आठवड्यातून एकदा बाहेर काढावा, हवा लागू द्यावी. ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नये. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या अधूनमधून बदलाव्यात. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे वाद्य वाजवत राहावं. वाजतं वाद्य पुसलं जातं, त्याच्याकडे लक्ष राहतं आणि हिरवी रेघ दिसली की ती वेळेवर निघते.

जुन्या वाद्याला नवं करण्याचा अट्टहास सोडला, तर ते पुष्कळ वर्षं साथ देतं. पडद्यांवरचा मळ जरूर काढावा. वाजवण्यात अडथळा येत नसेल, तर वाजवणाऱ्याच्या बोटांनी पडलेली झीज तशीच राहू द्यावी. तो धातू पुढच्या माणसासाठी शिल्लक ठेवलेला असतो. तेव्हा तुमच्या घरात कपाटावर अशी एखादी पेटी असेल, तर या रविवारी खाली काढा. घासायला घेण्याआधी मात्र चारही तारा एकदा छेडून ऐका.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)